आग लोहाराची, पत्रा आपला

गेल्या वैशाखात आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक भट्टी पेटली. तिच्यावरून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जे कौतुक झाले, त्याचा मला राग आला. आणि पावसाळा सरला तरी तो उतरला नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत मागितले होते. खुसखुशीतपणा ही शंकरपाळ्यांची जबाबदारी आहे असे समजून मी हे लिहिते आहे. वाचकांनी फराळ करता करता वाचावे, माझी हरकत नाही. फक्त ज्या विळीवर घरचा नारळ खवला गेला, तिचे पाते कोणीतरी कोठेतरी तापवून ठोकले होते, एवढी आठवण असू द्यावी.

भट्टी पेटवणारा मुलगा आमच्या वरच्या मजल्यावरचा. अभियांत्रिकी शिकलेला, नोकरी चांगली, आईवडिलांचा एकुलता एक. अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ हौशी माणसे घरामागच्या खोपटात सुऱ्या घडवतात. त्यांची चलच्चित्रे मोबाइलवर बघून याच्या डोक्यात ते वेड शिरले. वेड वाईट नव्हते. आमच्या गच्चीवर पाऊस गळू नये म्हणून सोसायटीने घातलेली पत्र्याची शेड आहे. तिच्या कोपऱ्यात त्याने मोटारीच्या जुन्या ब्रेकड्रमची शेगडी केली, तिला लोखंडी नळीतून केस वाळवण्याच्या यंत्राची हवा दिली, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा एका ओंडक्यावर बसवला, आणि गॅरेजमधून ट्रकच्या कमानीचा जुना पाटा आणून त्याच्या सुऱ्या करायला घेतल्या. आठ दिवसांची रजा काढली होती. सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा अशी वेळ ठरली. मधली वेळ दादरकरांच्या झोपेची म्हणून वर्ज्य.

बातमी कट्ट्यावर पोचायला वेळ लागला नाही. "बघा, आजच्या पिढीतही घाम गाळणारी मुलं आहेत," असे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले. दुसऱ्यांनी श्रमप्रतिष्ठेवर दहा मिनिटे घेतली. तिसऱ्यांना आपल्या लहानपणीचा गावचा लोहार आठवला आणि 'तसली माणसं आता राहिली नाहीत' म्हणून त्यांनी सुस्कारा टाकला. एका बाईंनी तर कांदा चिरायच्या सुरीची आगाऊ मागणी नोंदवून दोन हजार रुपये देऊ केले. मुलगा नको म्हणाला, तरी त्यांनी ते त्याच्या आईच्या हातात ठेवले.

चौथ्या दिवशी साडेबाराच्या सुमारास तो मुलगा जिन्याची भिंत धरधरून खाली आला. पोटऱ्यांत गोळे, डोके ठणकते आहे, पोटात ढवळते आहे. डॉक्टरांनी मीठसाखरेचे पाणी, पंखा आणि विश्रांती सांगितली. आणखी तासभर वर राहिला असतास तर रुग्णालयाची गाडी बोलवावी लागली असती, असेही बजावले. दोन दिवसांनी तो पुन्हा गच्चीवर गेला, पण आता शहाणा होऊन. काम सकाळी लवकर सुरू केले. शेडच्या पश्चिम अंगाचे दोन पत्रे सोडवून समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला वाट दिली. उरलेल्या पत्र्यावर पांढरी ताडपत्री ताणली. (पत्रे काढल्याबद्दल सोसायटीने त्याला पत्र दिले, तो भाग निराळा.) संध्याकाळी जिन्यात भेटला तेव्हा मला म्हणाला, "काकू, आग समोरून लागते. तिची तयारी असते, हात मागे घेता येतो. पत्रा वरून लागतो, त्याला काय करणार? दोन पत्रे काढले आणि अर्धा त्रास गेला."

मला जे म्हणायचे आहे ते या मुलाने जिन्यातच सांगून टाकले. भट्टीची उष्णता लोखंडाला लागते. तिच्यावाचून सुरी होत नाही. पत्र्याची उष्णता लोखंडाच्या काही उपयोगाची नाही. ती फक्त माणसाला लागते. पहिली या धंद्याची आहे. दुसरी आपल्या चिक्कूपणाची आहे. आपण मात्र दोन्हींची बेरीज करतो, तिला 'घाम' असे एकच नाव देतो आणि तिचे गोडवे गातो.

हे मला चटकन पटले, याचे कारण तो पत्रा मी दुसरीकडे पाहिला होता. परळला एका बैठ्या चाळीच्या टोकाला एक लोहार राहतात. नाव लिहू नका असे त्यांनीच सांगितले आहे, म्हणून लिहीत नाही. त्यांचे वडील एका कापडगिरणीत लोहारकाम करीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे त्यांची गिरणी उघडलीच नाही. तेव्हा वडिलांनी मिळालेल्या पैशातून एक ऐरण घेतली आणि राहत्या खोलीच्या पुढच्या भागात भट्टी घातली. आज मुलगा तीच भट्टी चालवतो. पुढे भट्टी, मागे संसार, मध्ये एक पडदा, आणि दोन्हींवर मिळून एकच पत्रा. शहाळेवाल्यांचे कोयते, मासळीवालींचे कोयते, खाटकांच्या सुऱ्या आणि माझ्यासारख्या जुन्या बायकांच्या विळ्यांची पाती, हे त्यांचे काम.

मोठ्या कारखान्यातला कामगार सहा वाजता भोंगा झाला की आगीपासून दूर जातो. घरातच भट्टी असलेला माणूस कोठे जाणार? सहा वाजता निखारे विझतात, पण दिवसभर तापलेल्या भिंती विझत नाहीत. मे महिन्यात मुंबईची रात्रही फारशी थंड होत नाही. त्या उबेत त्यांची बायको पोळ्या लाटते आणि त्यांची मुलगी दहावीचा अभ्यास करते. मी तिला एकदा विचारले, "अभ्यास कुठं करतेस ग?" तर म्हणाली, "स्टेशनवर, बाई. तिथं पंखा असतो." मी चाळीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, या उत्तरावर मला बोलता आले नाही.

या लोहारांकडे मी वीस वर्षे जाते आणि वीस वर्षे त्यांच्याशी घासाघीस करते. तीनशे म्हणाले की दोनशे, दोनशे म्हणाले की दीडशे. एकदा विळीच्या पात्याचे वीस रुपये कमी करवून मी विजयी मुद्रेने बसमध्ये चढले होते, हे मला स्वच्छ आठवते. आणि वर ज्या बाईंनी हौशी मुलाला न केलेल्या सुरीचे दोन हजार आगाऊ दिले असे लिहिले, त्या बाई मीच. म्हणून हा राग मी इतरांवर काढते आहे असे कोणी समजू नये. मीही त्या कट्ट्यावरच बसले होते.

आता कोणी म्हणेल, बाई, पत्रा एवढा बाधतो तर लोहाराने उघड्यावर बसावे. असे म्हणणाऱ्याने लोखंड तापताना पाहिलेले नाही. लोहाराचा उष्णतामापक म्हणजे त्याचा डोळा. पाटा काळसर तांबडा दिसतो तोवर ठोकायचा नाही. नारिंगी झाला, म्हणजे नऊशे-हजार अंशांच्या आसपास आला, की ठोकायचा. तांबूस होऊ लागला की पुन्हा भट्टीत सारायचा. पांढरा पडून ठिणग्या फुटू लागल्या तर पोलाद जळाले, ते फेकून द्यायचे. घडाई झाली की पात्याला पाणी द्यायचे. त्यासाठी ते पुन्हा तापवून सुमारे आठशे अंशांवर एकदम बुडवावे लागते. पुष्कळ वेळा हे 'पाणी' तेलाचे असते, कारण गाडीच्या पाट्याला साधे पाणी दिले तर तडा जाण्याची भीती. असे विझवलेले पाते काचेसारखे कडक आणि काचेसारखेच ठिसूळ असते. म्हणून ते घासून उजळ करायचे आणि पुन्हा हळूहळू तापवायचे. सव्वादोनशे अंशांच्या जवळपास त्याच्यावर गव्हाच्या काड्याचा पिवळेपणा उमटतो. तो दिसला की थांबायचे. तांबूस-जांभळा आला तर धार मऊ पडली, निळा आला तर ते पाते सुरीच्या कामातून गेले. हे सगळे रंग भर उन्हात दिसत नाहीत. कडक उन्हात तांबडे लाल लोखंडसुद्धा काळे वाटते आणि माणूस त्याला हात लावून बसतो. तेव्हा लोहाराला अंधुक जागा लागते. पण अंधार लागतो याचा अर्थ उकाडाही लागतो असा नव्हे. सावली आणि तापलेला पत्रा यांत फरक आहे, हे आंब्याखाली झोपलेल्या कोणालाही ठाऊक असेल.

या विद्येला अडाणी हातोडेमार समजण्याची चूकही कोणी करू नये. विजेच्या शास्त्राचा मोठा आचार्य मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. दक्षिण भारतातून युरोपात जाणाऱ्या वूट्झ नावाच्या पोलादाचे पृथक्करण त्याने १८१९ साली प्रसिद्ध केले, आणि पुढे काही वर्षे तसले पोलाद बनवण्याच्या खटपटीत घालवली. आपल्या मुशीतून आणि भट्टीतून काय निघत होते ते लंडनच्या प्रयोगशाळेला समजून घ्यावेसे वाटले. आपल्याला परळपर्यंत जाऊन ते समजून घ्यावेसे वाटत नाही.

दुसरा आक्षेप हमखास येतो आणि तो सर्वांत निर्दय आहे: "त्यांना सवय असते." शरीर उष्णतेला सरावते, हे वैद्यकशास्त्रही मानते. आठ-पंधरा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते. पण घाम गळल्याने अंग थंड होत नाही. तो वाळल्याने होते. मुंबईच्या मे महिन्यात हवाच इतकी ओली असते की घाम वाळायला तयार नसतो. तो नाकावरून, कोपरावरून नुसता टपकत राहतो. म्हणजे ज्या गळणाऱ्या घामावर आपण भाषणे देतो, तो शरीराच्या दृष्टीने वाया गेलेला घाम होय. हवामान खातेसुद्धा हा भेद जाणते. उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी मैदानी भागात पारा निदान ४० वर जावा लागतो, किनाऱ्यावर ३७ पुरतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात सरकारी सोहळ्याला आलेली चौदा माणसे उष्माघाताने गेली. त्यांच्या हाती हातोडा नव्हता की पुढ्यात भट्टी नव्हती. ती नुसती उन्हात बसली होती. सवय ही ढाल असेल, पण कोणत्याही ढालीला जाडी असते. त्या जाडीच्या पलीकडे किती भार घालायचा हे ठरवणारे आपण कोण?

तिसरा आक्षेप जरा समंजस वाटतो: "मग उन्हाळ्यात काम बंद ठेवावे." हे सांगणाऱ्याने पंचांग उघडून पाहावे. शेतकऱ्याला फाळ, विळे, कुऱ्हाडी, खुरपी लागतात ती मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी. फाळ शेवटून घ्यायचा, विळ्याला नवी धार काढायची, कोयत्याची मूठ बसवायची, हे सगळे चैत्र-वैशाखात. बाराबलुत्यांतला गावचा लोहार भर उन्हाळ्यात भात्यापाशी असे तो याच कारणाने. गावोगाव फिरणारा घिसाडी आजही त्याच दिवसांत रस्त्याच्या कडेला पाल ठोकतो. नवरा सांडशीने लोखंड धरतो आणि बायको उभी राहून घण मारते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांनी श्रमप्रतिष्ठेवर बोलण्यापूर्वी त्या बाईच्या हातांकडे पुन्हा एकदा पाहावे. परळच्या लोहारांचेही तेच. उन्हाळा आला की शहाळ्यांच्या गाड्या वाढतात, कोयत्यांची मागणी वाढते. ज्या शहाळ्याच्या पाण्याने आपण मे महिन्यात गार होतो, ते फोडणारा कोयता त्याच महिन्यात कोणाला तरी भाजून तयार होतो. उन्हाळा हीच लोहाराची सुगी आहे. सुगीत बंद राहा असे सांगणे म्हणजे वर्षभर उपाशी राहा असे सांगणे.

चौथे म्हणणे असे की कारखान्याच्या सुऱ्या दुकानात स्वस्त मिळतात, ही घरगुती भट्टी हवीच कशाला? स्वस्त सुरी घ्यावी, माझी ना नाही. पण गाडीच्या पाट्याचा कोयता शहाळ्याच्या कवचावर रोज शेकडो वेळा पडतो, आणि धार गेली की पुन्हा भट्टीत घालून नवा करता येतो. पत्र्यातून कापून काढलेली सुरी एकदा गेली की कचऱ्यात जाते. माझ्या सासूबाईंची विळी माझ्याकडे आली, तिचे पाते तीनदा बदलले, आणि ती आता माझ्या सुनेकडे आहे. शिवाय आपण परदेशी सुरी घेताना पाच-सहा हजार मोजतो ते ती हाताने घडवलेली आहे म्हणूनच ना? जपानच्या साकाई गावचा लोहार हाताने घडवतो म्हणून किंमत चढते, आणि परळचा हाताने घडवतो म्हणून उतरते, हा हिशेब मला कोणी समजावून सांगावा.

पाचवा आक्षेप आपल्या सर्वांच्या आवडीचा: "हे सरकारने पाहायला हवे." सरकारने पाहिले नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट लिहिले होते की कामाच्या जागेचे छप्पर आणि भिंती अशा सामानाच्या व अशा रचनेच्या असाव्यात की आतली उष्णता शक्य तितकी कमी राहील. आणि ज्या कामात फार उष्णता निर्माण होते ते कामगारांपासून वेगळे काढावे. इतके शहाणपणाचे कलम लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार. पण कारखाना कशाला म्हणायचे? त्या कायद्याप्रमाणे, वीज वापरत असाल तर दहा माणसे, नसाल तर वीस. २०२० साली संमत झालेल्या नव्या संहितेने हे आकडे वीस आणि चाळीस केले. परळच्या भट्टीवर माणसे किती? लोहार, त्यांचा धाकटा भाऊ आणि गर्दीच्या दिवसांत बायको. म्हणजे कायद्याच्या लेखी तेथे कारखाना नाही, कामगार नाही, आणि म्हणून पत्राही नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेने अठरा धंद्यांत लोहाराला घेतले, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये दिले, थोड्या व्याजाचे कर्जही ठेवले. चांगले केले. पण हातोडा नवा आला तरी तो ज्या छपराखाली चालवायचा ते जुनेच राहिले. अवजार हे कामाचे साधन, आणि छप्पर ही माणसाची चैन, असा काहीतरी समज या सगळ्यामागे दिसतो.

पण सरकारचे नाव घेऊन मी वाचकांना सोडून देणार नाही. हा समज सरकारच्या कचेरीत जन्मला नाही. तो आपल्या घरात जन्मला. खंडेनवमीला आपण विळी, सुरी, अडकित्ता पाटावर मांडतो, हळदकुंकू लावतो, दादरच्या बाजारातून आणलेला झेंडू वाहतो. हत्याराला देव मानतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यास आली, तेव्हा ती बघायला आपण लेकरांना घेऊन गेलो. तसले हत्यार घडवणाऱ्या हातांचा विचार त्या रांगेत कोणाच्या मनात आला असेल असे मला वाटत नाही. १९६५ साली भालजी पेंढारकरांनी 'साधी माणसं' या चित्रपटात लोहाराचे जोडपे पडद्यावर आणले. लता मंगेशकरांनी आनंदघन या नावाने त्याला संगीत दिले आणि ऐरणीवरचे ते गाणे घराघरांत गेले. आम्ही शाळेच्या संमेलनात त्यावर मुली नाचवल्या. पुठ्ठ्याची ऐरण केली, लाल कागदाची आग केली, वर पंखाही लावला, कारण मुलींना उकडत होते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण मी मुलांकडून शेकडो वेळा घोटून घेतली. तिच्यात एक गोष्ट गफलतीची आहे, ती मला निवृत्तीनंतर कळली. घाव दगडाने सोसायचे असतात. पाथरवटाने नव्हे.

आता काय करावे हेही सांगते, नाही तर हा लेख म्हणजे नुसता कट्टा होईल. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत फार माणसे दगावली. त्यानंतर तेथील महापालिकेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही हाती घेतले. पांढरे छप्पर ऊन परत फेकते, काळे-गंजके छप्पर ते गिळते. यात न समजण्यासारखे काही नाही. लोहाराच्या खोलीला चार गोष्टी लागतात. पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये गरम हवा निघून जायला वीतभर फट. भट्टीवर धूर आणि झळ बाहेर नेणारे धुराडे. आणि जमल्यास पत्र्याखाली थोडे अंतर सोडून दुसरा पत्रा, म्हणजे मधली हवा वाहती राहते आणि वरचा ताप खाली पोचत नाही. मी चौकशी केली. हे सगळे आमच्या दिवाणखान्यात बसवलेल्या थंड हवेच्या एका यंत्राच्या किमतीत होते. आणि ते यंत्र नेमके काय करते? आमच्या खोलीतली उष्णता उचलून बाहेर गल्लीत टाकते.

ही रक्कम लोहाराने आपल्या मिळकतीतून काढावी, असे म्हणायचा अधिकार ज्याने कधी घासाघीस केली नाही त्याला आहे. बाकीच्यांनी आपापले वीस-वीस रुपये आठवावेत. एका कोयत्यामागे, एका पात्यामागे, एका धारेमागे आपण जे कापून घेतो, तेच त्या छपराचे पैसे असतात. सुरीची किंमत म्हणजे पोलाद, कोळसा आणि मजुरी इतकेच आपण धरतो. चौथा खर्च, माणूस जिवंत व धडधाकट राहण्याचा, आपण बिलातून गाळतो आणि त्याच्या जागी कौतुक देतो. कौतुकाने पत्रा गार होत नाही.

गच्चीवरच्या मुलाने माझी सुरी पुरी केली. जरा वाकडी आहे, पण कांदा चांगला चिरते. भाद्रपदात मी ती आणि त्याला घेऊन परळला गेले. लोहारांनी सुरी हातात घेतली, अंगठ्याने धार पाहिली, पाठीवरून बोट फिरवले आणि मुलाला म्हणाले, "पाणी बरं दिलंय. घडताना मात्र घाई केलीस. उकडत होतं काय?" मुलगा हसला. मग आम्ही चुन्याचे काढले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, चुना लावा, माझी हरकत नाही. पण खोली भाड्याची आहे. मालकाला विचारावं लागेल, आणि छप्पर बरं दिसलं म्हणून उद्या त्यानं भाडं वाढवलं तर? शिवाय चुना पावसात जातो. तुम्ही एकदा लावाल, फोटो काढाल. दर वर्षी लावणार का?"

त्यांचा रोष नव्हता. गिऱ्हाइकाला पाते किती दिवस टिकेल ते सांगावे तसे ते बोलले. मालकाला आम्ही दोनदा भेटलो आहोत. तोंडी होकार मिळाला आहे, भाडे न वाढवण्याचे लेखी मागितले आहे. दिवाळीसाठी आपण सारे घरांना रंग काढतो, कोनाडे झाडतो, अंगणात सडा घालतो. चैत्राच्या आधी, पाडव्याच्या आसपास, परळच्या त्या पत्र्यावर पहिला हात द्यायचे आम्ही ठरवले आहे. कट्ट्यावर मी विचारले तेव्हा दोघेजण यायला तयार झाले. एकाने गुडघ्याचे कारण सांगितले, एकाने गांधीजींचे वाक्य सांगितले. आपल्याही वाटेवर कोठेतरी एखादी भट्टी असेल. तिच्यावरचा पत्रा पाहून या. आणि दर वर्षी लावणार का, या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवा. तो विचारला जाईल.